काळमुद्रेचा घोळ

मिरजेच्या ध्वनिसंशोधन केंद्रात गायिका ओजस्वी कागवाडेने आणखी एक तक्रार मोठ्याने वाचली आणि फोन टेबलावर आपटला.

"'हे गाणं आमची मावशी जात्यावर म्हणायची.' जात्यावर! डॉक्टर, त्यात सिंथेसायझर आहे!"

डॉ. गजानन मगदूम खजील झाले. कल्पना त्यांचीच होती. ओजस्वीला नव्या अल्बममध्ये आजचा ठेका आणि जुन्या रेडिओची माया एकत्र हवी होती. मगदूमांनी नुसता जुना आवाज न देता थेट जुनी आठवणच देऊ केली होती.

"मेंदू प्रत्येक आठवणीवर काळमुद्रा उमटवतो," ते चौथ्यांदा सांगू लागले. "आपण गाण्यात मिसळलेली सूक्ष्म कंपनं ती मुद्रा वीसेक वर्षं मागे सरकवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपण लहानपणी ऐकलंय. मावशी, जातं वगैरे तपशील मेंदू स्वतःच भरतो."

"मग सांगा की लोकांना तसं!"

"सांगितलं ना. माहीत असून उपयोग नाही. साखरेचं रासायनिक सूत्र पाठ केलं म्हणून ती कडू लागते का?"

स्वरस्वामित्व मंडळाने मात्र चोरीचा ठपका ठेवला होता. जुनी ध्वनिमुद्रिका एकही सापडली नव्हती, पण साक्षीदार अकरा हजार होते. गाणं नवं आहे असं शपथेवर सांगणारा एक माणूस आणा, एवढंच मंडळाचं म्हणणं. नाही आणला तर गाण्यावरून ओजस्वीचं नाव कायमचं पुसलं जाणार होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चाली गायलेल्या ओजस्वीची ही पहिली स्वतःची चाल होती. पाच वर्षं तिने ती घासली होती.

तिने ढोलकीवाल्या बाबू सनदींना फोन लावला. "बाबूदा, चाल बांधताना तुम्ही माझ्यासमोर बसला होता. सांगाल ना तसं?"

"बसलोवतो की. पण ताई, खरं बोलू का? ह्ये गाणं आमच्या गावच्या उरसात वाजायचं बघा. तुम्ही कुठनं उचललं?"

ओजस्वीने कपाळावर हात मारून घेतला.

"आता तूच उरलीस," मगदूम म्हणाले. "मिसळताना मीही ऐकलं, मलाही ते लहानपणीचंच वाटतं. तू नुसतं गायलीस, ती कंपनं मी नंतर मिसळली. आणि स्वतःचं तयार गाणं तू कधी ऐकत नाहीस, हे आपलं नशीब."

"चुकाच ऐकू येतात मला त्यात."

सोमवारी ती मंडळापुढे उभी राहिली. अध्यक्षा म्हणाल्या, "शपथेआधी साक्षीदाराने गाणं ओळखायचं असतं. वाजवा."

मगदूम ताडकन उठले. "वाजवू नका! तिने ऐकलं की साक्षच संपली!"

"मग त्या शपथ कोणत्या गाण्याबद्दल घेणार?"

अर्धा तास वाद चालला. नियम, पोटनियम, परिशिष्ट. ओजस्वीचं डोकं उठलं.

"वाजवा एकदाचं!" ती ओरडली. "माझं लेकरू मला ओळखू येणार नाही होय?"

गाणं वाजलं. दुसऱ्या ओळीला तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, तिसऱ्या ओळीला डोळे भरून आले. मगदूम मटकन खाली बसले.

गाणं संपल्यावर ओजस्वीने स्वतःहून कागद पुढे ओढला आणि ही चाल आपली नाही असं लिहून दिलं.

"चुकलंच माझं," ती अध्यक्षांना म्हणाली. "शाळेच्या गॅदरिंगला ऐकलं होतं हे. कुणी बांधलं असेल हो? त्या माणसाला शोधून काढा आणि त्याचं नाव घाला. अशी चाल मला जन्मात सुचली नसती."