गंगीच्या दोन हाका

एकोणपन्नास सालची सारंगखेड्याची जत्रा. दिवसभर घोड्यांच्या खिंकाळण्यानं कान किटले होते. आता रात्री घोडी खुंट्यांना मुकाट उभी होती आणि गिरधरअण्णांच्या तंबूपुढे शेकोटी पेटली होती. भोवती घरातली पोरं-पोरी, अंगावर गोधड्या.

"अण्णा, गोष्ट सांगा," कमल म्हणाली. ही त्यांची पुतणी, नाशिकच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली. "पण खरी आहे असं सांगू नका. तुमच्या सगळ्या खऱ्या गोष्टी मेलेल्या माणसांना घडलेल्या असतात. विचारायचं कोणाला?"

"ही जिच्याबद्दल आहे ती जिवंत आहे," अण्णा म्हणाले. "चिंचपाड्याच्या दवाखान्यात नर्स आहे. जा आणि विचार. आणि होडीवाला उखा माझ्याबरोबर शाळेत होता. म्हणजे, शाळा बुडवायला माझ्याबरोबर होता."

पोरं हसली. अण्णांनी विडी विझवली आणि सुरुवात केली.

पंचेचाळीस साल. कार्तिकातली अमावास्या, मंगळवार. नवापूरकडच्या डोंगरातली रूपली, तीच ही नर्स, त्या दिवशी दुपारी तापीच्या काठावर उतरली ती एका गाठोड्यासाठी. पलीकडच्या तीरावर रतिलाल पाटलाचा मळा. त्यानं निरोप धाडला होता: तुमच्या पोरीचं सामान वर्षभर इथं पडलंय, घेऊन जा, नाहीतर चुलीत घालतो.

ती पोर म्हणजे गंगी, रूपलीची थोरली बहीण. मागच्या साली कापूस वेचायला मळ्यावर आली होती. याच अमावास्येच्या रात्री ती नाहीशी झाली, आणि त्याच रात्री पाटलाची सून मीना बाळंतपणात गेली. सुनेच्या हातातलं चांदीचं कडंही गेलं. पाटलानं सगळीकडे सांगितलं, डोंगरातली पोर मरत्या बाईचं कडं काढून पळाली. तेव्हापासून त्या पाड्यातल्या एकाही माणसाला तापीकाठी काम मिळालं नव्हतं. मुकादम पाड्याचं नाव ऐकलं की मान फिरवायचा. रूपलीची आई बाजारात जायची बंद झाली होती. रूपलीला नुसतं गाठोडं नको होतं. बहीण चोर नव्हती, याचा पुरावा तिला हातात धरून परत न्यायचा होता.

उखानं तिला होडीत घेतलं. लांब बांबू पाण्यात रोवत विचारलं, "नर्सबाई, रातले परत येवानं शे का?"

"उशीर झाला तर येईन. का?"

"मंग तीन हाका मारज्यात. पहिल्या दोन आम्ही ऐकतस नही."

"ऐकत नाही म्हणजे?"

"पाणीमा गयेला रातले हाका मारतस. पन त्यासले दोनच मारता येतस. तिसरी फक्त जित्ता माणूस मारस." उखानं हे असं सांगितलं, जसं कोणी भाडं सांगतं. "आमना बापना बाप तेच सांगे."

रूपलीला हसू आलं नाही, राग आला. "आणि जिवंत माणूस दोनदा हाक मारून दमला तर?"

"जित्ता माणूस दमत नही, बाई. त्याले पलीकडे येवानं ऱ्हास."

तिच्या पाड्यात याच्या उलट होतं. आईनं दोघींना लहानपणी शिकवलेलं: एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर दोनदा हाक द्यायची. उत्तर आलं नाही तर आपण चालायला लागायचं. तिसरी हाक मेलेल्याला मारतात. जिवंत माणसाला ती मारायची नाही. हे तिला आठवलं, आणि तेव्हा ते तेवढंच राहिलं.

मळ्यात पाटलाची आई जमनाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं पायानंच गाठोडं पुढे सरकवलं. रतिलाल खाटेवर होता, पण उठला नाही.

गाठोड्याची गाठ रूपलीला हातानं सुटेना. गंगीची गाठ तशीच असायची, दुहेरी, आणि वरचं टोक आत खुपसलेलं. दातांनीच सुटायची. लहानपणी दोघी त्यावरून भांडायच्या. रूपलीनं पाटलासमोर गाठ दातांत धरली आणि सोडली.

आत एक लुगडं, विळा, फणी. आणि फडक्यात गुंडाळलेली गंगीची स्वतःची चांदीची साखळी.

रूपलीनं साखळी उचलून धरली. "पाटील, ही पळाली ना? दुसऱ्याची चांदी घेऊन? मग आपली का ठेवून गेली?"

"घाईत विसरली असेल."

"सूनबाईंची कडी किती होती?"

"दोन. जोड."

"आणि गेलं एक?"

रतिलालनं म्हातारीकडे पाहिलं.

"एका हातातलं काढलं आणि दुसऱ्या हातातलं ठेवलं. असली चोर मी पाहिलेली नाही." ती जमनाबाईकडे वळली. तिचा आवाज आता दवाखान्यातल्या नर्सचा झाला होता. "आजी, सूनबाईंना कळा कधी सुरू झाल्या?"

"दिवस बुडाना टाइमले."

"आणि गेल्या?"

"कोंबडा आरवाना आगोदर."

"एवढा वेळ. पलीकडे दगूबाई दाई आहे, अर्ध्या तालुक्याची पोरं तिनं काढली. तिला का नाही बोलावलं?"

"पहिलटकरीनले टाइम लागसच," म्हातारी म्हणाली. "आमनी येळे कोन दाई येत व्हती? आन् रातले होडी कोठे ऱ्हास?"

"म्हणजे तुम्ही बोलवू दिलं नाही."

म्हातारीनं शेंग फोडली. दाणे परातीत पडले. पुढची शेंग घेतली.

रूपलीला सगळं दिसलं. मीनानं एका हातातलं कडं स्वतःच काढून दिलं होतं. डोंगरातल्या मजुरणीच्या शब्दावर मध्यरात्री दाई उठणार नाही, म्हणून ओळखीची खूण. आणि गंगी म्हातारीच्या नकळत नदीकडे धावली होती.

"ती दाईला आणायला गेली होती," रूपली म्हणाली. "तुमच्या सुनेसाठी."

"गेली असेल तर पोचली का नाही?" रतिलाल खाटेवर उठून बसला. "आणि कडं कुठंय? कडं दाखव, पोरी. मी स्वतः मुकादमाला सांगतो. नुसत्या बोलण्यावर काय?"

तिच्याकडे कडं नव्हतं. गाठोडं काखेत मारून ती निघाली.

"कडं सापडलं असं सांगणार आहात ना तुम्ही?" कमल मधेच म्हणाली.

"ऐक ना वं," अण्णा म्हणाले. "तुला सगळं आधीच पाहिजे."

मळ्यातून नदी लांब. रूपली वाटेत मजुरांच्या खोपट्यांत चौकशी करत थांबली. कोणी दार उघडलं, कोणी नाही. काठावर पोचेपर्यंत अंधार पडला होता. रॉकेल तेव्हा रेशनवर. पलीकडे गावात एक दिवा नाही. समोर फक्त काळं पाणी, आणि मधल्या डोहातला खळखळाट.

ती वाळूत उभी राहिली. इथंच गंगी उभी राहिली असणार.

"होडी आणाऽऽ हो."

पलीकडून काही नाही.

"होडी आणाऽऽ हो."

काही नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

आणि मग तिला कळलं. गंगीनं दोन हाका मारल्या होत्या. फक्त दोन. तिसरी तिनं मारली नसती, मेली तरी मारली नसती, कारण मागं मळ्यात एक बाई मरायला टेकली होती आणि तिसरी हाक मेलेल्याची. तिकडे उखाचा सगळा भोईवाडा अंथरुणात जागा होता, आणि तिसरीची वाट पाहत होता.

उत्तर आलं नाही की आपण चालायला लागायचं.

गंगी चालायला लागली होती. पाण्यात.

तिला पलीकडे जायचं होतं. तिसऱ्या हाकेशिवाय कोणी येणार नव्हतं. आणि तिसरी कोणाला मारायची हे तिला माहीत होतं.

तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"गंगीऽऽऽ…"

आवाज पाण्यावरून गेला. परत आला नाही.

डोहातला खळखळाट थांबला. नदी वाहत होती… पण तिचा आवाज नव्हता.

मग पलीकडे बांबू खडखडला. उखा निघाला होता.

होडी वाळूला लागली. रूपली चढली. उखानं रेटा दिला. होडी हलेना. त्यानं पुन्हा दिला. हलली.

"उखादादा," ती म्हणाली. "मागच्या साली, याच रात्री. दोन हाका आल्या होत्या."

बांबू पाण्यात थांबला.

"आल्या होत्या ना?"

"…आल्या व्हत्या."

"बाईच्या."

"बाईन्या." मग बांबू पुन्हा रोवत, "सगळ्यासनी ऐक्या. कोनी उठनं नही."

"ती माझी बहीण होती."

उखानं मान खाली घातली. बांबू रोवत राहिला. नेहमी त्याला चार रेट्यांत डोह ओलांडता यायचा. आज तो धापा टाकत होता. खाली वाकून त्यानं होडीच्या तळाला हात लावला.

"पाणी भरलं का?" रूपलीनं विचारलं.

"नही. कोरडी शे."

होडीच्या काठाला पाणी टेकलं होतं. बोटभर उरलं होतं फक्त.

दोघंही मागच्या फळीकडे बघत नव्हते. का बघत नव्हते ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

घाट आला. उखानं दोरी बांधली. रूपली उतरली, गाठोडं घेऊन. होडी हलकी झाली. जराशी वर आली.

रूपली पायरीवर उभी होती.

होडी पुन्हा एकदा वर आली.

उखाच्या हातातला बांबू खाली पडला. पायऱ्यांवर काही दिसलं नाही. नुसता आवाज. ओल्या पायांचा… चप्, चप्… घाई असलेल्या माणसाचा. वर गेला. गल्लीत वळला.

"तिकडे कोण राहतं?" रूपलीनं विचारलं.

"दगूबाई," उखा म्हणाला. "दाई."

रूपली धावली, मागोमाग उखा. पण गल्लीत अंधार, पायाला दगड, आणि ती पोचली तेव्हा तिथं कोणी नव्हतं. दार बंद. ती दार ठोकत राहिली तेव्हा कुठं कडी निघाली. दगूबाई गोधडीत, हातात विझलेली चिमणी.

"आत्ता कोणी दार वाजवलं होतं?" रूपलीनं विचारलं.

दगूबाईनं आधी उखाकडे पाहिलं. मग खाली.

"वाजाडं व्हतं."

"किती वेळा?"

दगूबाईनं चिमणी खाली ठेवली.

"किती वेळा, मावशी?"

"दोनदा," दगूबाई म्हणाली. "मी तिसरीनी वाट देखी ऱ्हायन्थू."

अण्णा थांबले. शेकोटीत एक लाकूड खचलं. कमलनं गोधडी खांद्यावर ओढून घेतली.

उंबऱ्यावर ओल होती, अण्णा म्हणाले. दोन पावलांएवढी. बोटं दाराकडे. आणि त्या दोन पावलांच्या मधे, लुगड्याच्या पदराचा फाटका कोपरा. त्याला गाठ. दुहेरी, वरचं टोक आत खुपसलेलं.

रूपली तिथंच उंबऱ्यात बसली आणि तिनं ती गाठ दातांनी सोडली. आत चांदीचं कडं होतं.

सकाळी दगूबाई स्वतः होडीत बसून मळ्यावर गेली. जमनाबाईनं पेटीतलं दुसरं कडं काढलं. जोड जुळला. रतिलालनं तेव्हा मुकादमाला बोलावणं पाठवलं आणि चार माणसांत सांगितलं, पोर चोर नव्हती. आवाज खाली होता त्याचा, पण सांगितलं. म्हातारी एवढंच म्हणाली, ते कडं आता घरात नको. मग ते कडं दगूबाईनंच ठेवलं. ज्या कामासाठी दिलं होतं ते काम राहून गेलं, म्हणाली, पण दिलं मलाच होतं. तिनं त्या दिवशी दाराची कडी उचकटून नदीत टाकली. तिच्या दाराला आजही कडी नाही. आणि उखा पहिल्या हाकेला उठतो. भोईवाडा हसतो त्याला.

"गंगी?" कमलनं विचारलं.

"सापडली नाही. डोह खोल आहे."

"आणि हे सगळं," कमल म्हणाली, पण तिचा आवाज मघासारखा उरला नव्हता, "रूपलीनं तुम्हाला सांगितलं?"

"उखानं सांगितलं. मग मी गेलो होतो चिंचपाड्याला. मीही तुझ्यासारखाच, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. तिनं चहा दिला. एवढंच म्हणाली, दोनदा हाक आली तरी उठत जा."

"आणि तो पदराचा कोपरा?"

अण्णांनी विडीचं थोटूक शोधलं. पेटवलं नाही.

"तिच्या खोलीत दोरीवर वाळत घातलाय," ते म्हणाले. "चांगलं ऊन येतं तिथं, दुपारभर."

शेकोटीपलीकडे एका घोडीनं पाय आपटला.

"चार वर्षं झाली. अजून वाळतोय."