शेवटचा खिळा

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले, तरी खिडकीच्या चौकटीची चौथी पट्टी राहिलीच होती. बाकीच्या तिन्ही दादानेच बसवलेल्या. त्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक पट्टीचे तीन खिळे आपण ठोकायचा आणि चौथा दातांतून काढून धाकट्याच्या हातात द्यायचा. "घे, शेवटचा तुझा."

दुपारी जेवण उरकून धाकटा करवत घेऊन बसला. सुताराला त्याने दारातूनच परतवून लावलं होतं. दादाची खिडकी परक्याच्या हातून पुरी व्हायची नव्हती.

लाकूड जेमतेम दोन पट्ट्यांचं उरलेलं. भिंतीवर दादाने पेन्सिलीने माप लिहून ठेवलं होतं, सत्तेचाळीस इंच. धाकट्याने दादाचाच टेप लावला, खूण केली, कापलं. लावून बघतो तर पट्टी इंचभर आखूड!

"च्यायला!"

दुसरी घेतली. पुन्हा सत्तेचाळीस, पुन्हा दातओठ खात करवत. ठोकायला हातोडा हातात घेऊन लावून बघितली, तर तीही आखूड.

वहिनी दारात आली. "भाऊजी, यांचा टेप पुढून तुटलाय. एकापासून सुरू होतो. हे एक इंच वाढवून खूण करायचे."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारता कुठे? उगाच का हे तुम्हाला उतावळ्या म्हणायचे?"

त्याने पट्टी जमिनीवर आपटली आणि हातातल्या हातोड्यासकट तरातरा मागच्या अंगणात गेला. एवढंसं काम, तेही दादाशिवाय जमू नये! नळाखाली डोकं धरून तो हुंदके देत राहिला. वहिनी टॉवेल घेऊन मागे येऊन उभी राहिली.

तेवढ्यात आतून आवाज आला. ठक... ठक... ठक. बेताचा, सवयीच्या हाताचा.

"आत कोण आहे, वहिनी?"

"कोणी नाही... आपण दोघंच तर..." तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली. हातोडा तिथेच होता.

दोघं दबकत आत गेली. ताज्या भुशाचा वास कोंडला होता. आपटलेली पट्टी चौकटीत बसली होती. अशी चपखल, की सांध्यात नखही शिरलं नसतं. तीन खिळे ठोकलेले. चौथं भोक मोकळं.

चौथा खिळा खिडकीच्या कडेला नीट आडवा ठेवला होता. धाकट्याने तो उचलला.

खिळा ओला होता. कोमट.