मागच्या काचेवरची वाफ

वीज गेलीय तर जरा स्वस्थ बसा. लवू मेस्त्रीची गोष्ट सांगतो. गेल्याच सालची, त्र्याहत्तरची. अंधेरीतलं त्याचं गॅरेज तुम्ही पाहिलंय. खोटं बोलणारा माणूस नव्हे. कंजूष आहे, ती गोष्ट वेगळी.

एका सिनेमावाल्या शेटची विलायती गाडी होती. आत एसी. इथं आपल्याला पंख्याची मारामार, आणि तो ढोल्या गारवा खात फिरायचा. तर तो एसी मध्येच गरम वारा फेकायला लागला. शेटनं ड्रायव्हरला, नंदकिशोरला, बजावलं, "उद्यापर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर येऊच नको." नंदकिशोरच्या बायकोचे दिवस भरत आलेले. तो धावत लवूकडे आला.

लवूनं सगळं तपासलं. "गॅस भरलेलो आसा, पट्टो घट्ट आसा. मगे गरम वारो खयसून येता?" शेवटी म्हणाला, चालवूनच बघू. वटपौर्णिमेची आदली रात्र. नंदकिशोर गाडी चालवतोय, लवू शेजारी. वेसाव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत वारा झकास गार. मग बोंबील वाळवायच्या वलांडी दिसल्या, आणि...

गरम.

लवूनं जाळीवर हात धरला. वारा ओला होता. यायचा, थांबायचा. यायचा, थांबायचा. मिश्रीचा वास, त्यात सडकी मासळी. अगदी तोंडाशी तोंड आणून कुणी धापा टाकाव्यात तसा. लवू दार उघडून रस्त्यावरच ओकला.

"हंय काय झालेला?" त्यानं तोंड पुसत विचारलं.

नंदकिशोरनं इंजिन बंद केलं. मग बोलला. मे महिन्यात, भर उन्हात, इथंच अंजनाबाई नावाची कोळीण पाटीसकट कोसळली होती. तिची मुलगी कमळ गाडीला आडवी आली. "माजे आयेला दवाखान्यान न्या ओ, शेट." म्हातारीला धरून तिनं काचेशी उभं केलं. म्हातारीचा श्वास काचेवर. शेट आतून म्हणाला, "सीटला वास बसेल. काच उघडू नको, चल." आणि हा निघाला. म्हातारी तिथंच गेली.

थू. मला शेटची किळस येते, आणि त्या नंदकिशोरचीही. पोटासाठी म्हणे. म्हातारीला काय पोट नव्हतं?

लवू मालवणचा. तिकडं काही अडलं की गाऱ्हाणं घालतात. डिकीत शेटच्या पिक्चरच्या मुहूर्तासाठी आणलेला नारळ होता. तो हातात धरून लवू रस्त्यातच उभा राहिला.

"रे म्हाराजा, जी कोण हंय उबी रवता, तिचो मान तिका दितंय. गाडयेतली तिची जागा तिणा घेवची, आणि ह्या पोराची नोकरी राखूची."

"होय म्हाराजा," नंदकिशोर म्हणाला.

नारळ फुटला. परत येताना वारा बर्फासारखा गार. वास नाही, काही नाही. शेट खूश, नोकरी राहिली.

"मग संपली ना, अण्णा?"

संपली असती तर सांगितली कशाला असती, चंदू? बस खाली.

नंदकिशोरनं ती नोकरी आपणहून सोडली. घरात तान्हं पोर असताना. लवूला एवढंच म्हणाला, "आरशात बघायचं नाही, मग गाडी चालवायची कशी?" पुढं शेटही म्हणायला लागला, गाडीत जीव घुसमटतो. लवूच्या गॅरेजात ती विकायला लावलीय. अजून तिथंच आहे.

लवूनं मला नेऊन दाखवली. इंजिन बंद. चारी काचा वर. दारांना कुलूप. आत कुणी नाही. शेट मागं बसायचा ना, त्याच्या शेजारच्या जागेची काच. तिच्यावर वाफेचा एक डाग. एसी लावला की वाफ काचेला बाहेरून धरते, हे लवूच सांगतो. म्हणून मी बाहेरून बोट फिरवलं.

पुसली गेली नाही. आतून होती.

डाग लहान व्हायचा... मोठा व्हायचा... लहान...