चॉकलेटचे सहा डबे

"सहा डबे? मिळणार नाहीत."

मास्तरणीने चमकून वर बघितलं. काउंटरपलीकडे उभा असलेला चष्मेवाला औषधवाला तिची यादी अगदी शांतपणे वाचत होता. त्याच्या पाठीमागच्या फळीवर प्रोटीन पावडरचे डबे चांगले डझनभर उभे होते. सगळे चॉकलेटचे.

"मग ते मागे काय शोभेला ठेवलेत?"

"आहेत की. पण तुम्हाला सहा देणार नाही. खरं तर... एकही देणार नाही."

"दुकान चालवता की शिस्तीचा वर्ग?"

तो हसला. म्हणजे ओठ जरासे हलले, बस. पण चष्म्याआडचे डोळे मात्र चांगलेच हसले, आणि तेवढं मास्तरणीच्या नजरेतून सुटलं नाही.

आता ही मास्तरीण शाळेतली नव्हे हं. गाडी शिकवणारी. गावातल्या निम्म्या लोकांना क्लच कुठे आणि ब्रेक कुठे हे तिनेच ओरडून ओरडून शिकवलेलं. वय चौतीस, आवाज खणखणीत, वजन एकशे अठरा किलो. हा आकडा ती स्वतःच सांगून टाकायची, समोरच्याने मनात अंदाज बांधायच्या आत. गुडघे कुरकुरायला लागले होते, साखर वाढली होती, जिना चढताना धाप लागत होती. शेवटी तिचं तिनेच ठरवलं, जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं. तारीख मिळाली होती, बरोबर सहा आठवड्यांनी. आणि एकदा गिअर टाकला की मागे बघायचं नाही हा तिचा स्वभाव, त्यामुळे आहाराच्या बाईंनी यादी हातात दिल्यादिल्या ती तडक दुकानात आली होती.

"मला सगळं आधीच भरून ठेवायचंय," ती म्हणाली. "नंतर पोटाला टाके घेऊन मी दुकानं हिंडू का?"

"भरा ना. पण चव बदलते त्याचं काय?" त्याने मागच्या डब्यांकडे बोट दाखवलं. "या ऑपरेशननंतर जिभेचा भरवसा नसतो. आज चॉकलेटवर जीव असतो, उद्या नुसत्या वासाने मळमळतं. हे सगळे लोकांनी परत आणून दिलेले डबे आहेत. मी प्रत्येकाला आधी सांगतो. ऐकतंय कोण?"

असं म्हणत त्याने खणातून छोटी छोटी पाकिटं काढली. व्हॅनिला, आंबा, कॉफी, स्ट्रॉबेरी, एक बिनचवीचं. प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहिलं — गार पाण्यात. कोमट दुधात. सूपमध्ये, पण सूप उकळत असताना नको. चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि कॅल्शियम वेगळ्या पिशवीत, वर सूचना — दोन्ही एकदम घेऊ नयेत, दोन तासांचं अंतर.

"आणि साठा करायचाच असेल तर छोट्या वाट्यांचा करा. छोटे चमचे घ्या. बाकीचं थोडं थोडं घेऊन जा. पुढच्या आठवड्यात या, चव सांगायला."

"म्हणजे मी दर आठवड्याला यायचं?"

"यायचं," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

बाहेर पडली तर दाराशी कापडाखाली झाकलेली गाडी. कापडावर धुळीचा थर. मास्तरणीचा जीव कळवळला. तशीच मागे वळली.

"ही कुणाची?"

"माझीच. म्हणजे वडिलांची होती. मी... चालवत नाही. सायकलने जातो."

"का?"

"भीती वाटते," तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला पुढचं टोचून बोलताच येईना. पुरुष माणूस सहसा एवढं कबूल करत नाही, हा तिचा बारा वर्षांचा अनुभव होता.

"उद्या दुपारी दीड वाजता," ती म्हणाली. "दुकान बंद असतं ना? तुम्ही माझं कपाट लावा, मी तुमची गाडी लावते मार्गाला. मी दवाखान्यातून घरी येईन ना, त्या दिवशी मला तुम्हीच न्यायला यायचं. स्वतः चालवत."

"सहा आठवड्यांत? अहो, शक्य नाही!"

"एकशे अठरा किलोची बाई ऑपरेशनला निघालीय. तुम्हाला साधा क्लच दाबवत नाही?"

झालं. दीड म्हणजे दीड. आधी तिच्या शिकवणीच्या गाडीत, हात बसल्यावर त्याच्या.

औषधवाला गाडी चालवायचा ती औषधाच्या डब्यातल्या कागदावरची सूचना वाचल्यासारखी. आरसा बघायचा. पुन्हा बघायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसताना हात दाखवायचा. सरळ रस्त्यावर एकवेळ ठीक, पण पाण्याच्या टाकीजवळचा चढ आला की त्याचे हातपाय गार पडत. गाडी बंद पडायची, मागे घसरायची, आणि मास्तरीण आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबून ओरडायची.

"पाय भराभर का काढता? क्लच हळू सोडा! गाडीला ओढ लागली की कळतं... कळलं की मग थांबायचं नाही!"

"कळतं, पण खात्री होत नाही."

"कशाची?"

"...गाडीची," तो समोर बघत म्हणायचा.

शिकवणी संपली की तिथेच, टाकीजवळच्या झाडाखाली, चव बघायचा कार्यक्रम. दोन छोटे पेले. एक तिचा, एक त्याचा. "तुम्हाला कशाला?" असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तर म्हणाला, "एकटीने काय प्यायचं ते गिळगिळीत?" आंबा दोघांनाही आवडला नाही. स्ट्रॉबेरी प्यायल्यावर त्याचं तोंड असं काही झालं की ती हसता हसता ठसकली, आणि त्याने पाठीवर हात ठेवला... आणि पटकन काढून घेतला. मास्तरणीला मात्र त्या हाताची जागा संध्याकाळपर्यंत कळत राहिली. वेडी झालीस का गं, असं तिने आरशातल्या स्वतःला विचारूनही बघितलं. आरशातली लाजली.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ खायचं होतं. आईने स्वयंपाकघरातलं एक कपाट रिकामं करून दिलं. मास्तरीण त्यात वाट्या, चमचे, गोळ्या, सूपची पाकिटं मांडत होती. आईने जुन्या फोटोंची पिशवी त्यातून काढून टेबलावर ठेवली होती. भावाचं लग्न, मामाची साठी, भाचीचा वाढदिवस. प्रत्येक फोटोत मास्तरीण कुणाच्या तरी मागे. अर्धा खांदा, अर्धं कपाळ, कधी नुसतं हसू.

"एकही फोटो धड नाही मेला," आई म्हणाली. "असू दे. ऑपरेशन होऊ दे, मग काढू छान. साडीही तेव्हाच घेऊ. आणि तुझ्या मावशीला सांगितलंय मी, स्थळाचं नंतर बघू."

आईच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. पण मास्तरीण हातातली वाटी धरून तशीच उभी राहिली. साडी नंतर. फोटो नंतर. समुद्रात पोहायला नंतर. चौतीस वर्षं ती जणू स्वतःच्याच दाराबाहेर ताटकळत होती! एक तरी गोष्ट आयुष्यात आधी मिळावी... एकच. आणि ती कुठली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती रोज दुपारी दीड वाजता गाडीत शेजारी बसायची.

दुसऱ्या दिवशी औषधवाल्याने गाडी झाडाखाली थांबवली. चांगली थांबवली. पेले काढले नाहीत. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"मला तुम्हाला काहीतरी... म्हणजे बरेच दिवस..."

मास्तरीण त्याच्याकडे वळून बसली.

"...जाऊ दे. नंतर सांगतो. तुमचं ऑपरेशन होऊ दे."

नंतर! यालाही नंतरच सांगायचंय!

"उतरा," ती म्हणाली.

"अहो, पण गाडी माझी आहे."

"मग मी उतरते." आणि खरंच उतरली. दार असं आपटलं की झाडावरचे पक्षी उडाले. भर उन्हात, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी, ती घरापर्यंत चालत गेली. रडली पण. उगाच का खोटं सांगा.

नऊ दिवस ती फिरकली नाही. औषधवाल्याने तीनदा फोन केला, तिने उचलला नाही. मग त्याचा एक निरोप आला — लायसनची परीक्षा पास झालो. चढावर गाडी मागे गेली नाही. तिने तो चार वेळा वाचला आणि उत्तर दिलं नाही. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी यादी तपासताना आढळलं, चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्या राहिल्यात. गावात दुसरी दुकानं नव्हती असं नाही. पण गेली ती त्याच्याच दुकानात. दोन आठवडे पातळावर राहून माणूस आणखी कशाकशाला भिणार?

दुकानात एक आजोबा खोकत उभे होते. औषधवाला खोकल्याची बाटली कागदात गुंडाळत होता. तिला बघून त्याने तीच बाटली पुन्हा उलगडली.

"कॅल्शियम," ती म्हणाली. "आणि एक गोष्ट विचारायचीय. मी बारीक झाल्यावरच सांगता येईल, असं काय आहे तुमच्याकडे?"

"अं?"

"जे असेल ते मला आत्ता ऐकायचंय. याच वजनात. उद्या मी टेबलावर झोपणार आहे ती माझ्या गुडघ्यांसाठी, माझ्या साखरेसाठी. कुणाला आवडावं म्हणून नाही. नंतर कुणी आलं तर मला जन्मभर वाटत राहील, की हा आला तो कमी झालेल्या किलोंसाठी आला. तेव्हा आत्ता बोला. नाहीतर कधीच बोलू नका."

औषधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हाला असं वाटलं? अहो... तुमच्या वजनाचा काय संबंध? पहिल्या दिवशी तुम्ही मला शिस्तीचा वर्ग म्हणालात ना, तेव्हाच मी संपलो!"

"मग नंतर कशाला?"

"कारण मी रोज इथे उभा राहून लोकांना हेच सांगतो," तो कळवळून म्हणाला. त्याने मागच्या डब्यांकडे हात केला. "ऑपरेशनच्या आधी काही ठरवू नका. नंतर आवड बदलते. तुमचं सगळंच बदलणार. जग बघणार तुमच्याकडे. तेव्हा तुम्हाला वाटलं, हा घाबरट, सायकलवाला आपण कशाला गळ्यात बांधून घेतला... तर? तुम्ही शब्द दिलेला असता तर तो मोडला नसतात. तुम्हाला अडकवायचं नव्हतं मला."

मास्तरीण त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग जी हसत सुटली! पोट धरून, काउंटरला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे तुम्ही... स्वतःला... चॉकलेटचा डबा समजलात?"

"तसंच काहीसं," तो पुटपुटला.

"अहो, जठर कापणार आहेत माझं. काळीज तसंच राहणार आहे!"

"अरे बाबा, बोल की आता!" आजोबा खोकत ओरडले. "मला औषध घेऊन घरी जायचंय!"

औषधवाल्याने चष्मा काढला. या खेपेला पुसला नाही, नुसता बाजूला ठेवला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "आज. आहात तशा. खूप... खूप आवडता."

"ओढ लागलेली कळली ना?" मास्तरीण हळूच म्हणाली. "मग आता थांबायचं नाही."

आजोबांनी खोकत खोकत टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात चालली, औषधाच्या मापाएवढ्या पेल्यातून घोट घोट पाणी प्यायली. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दाराशी गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली. आई मागे बसली. औषधवाल्याने मास्तरणीच्या पोटावर एक छोटी उशी ठेवली आणि मग पट्टा बांधला, टाक्यांना लागू नये म्हणून.

"पिशवीत पेला ठेवलाय," तो घाबरत म्हणाला. "व्हॅनिला. आणि... थोडं चॉकलेट."

तिने चॉकलेटचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ई! लांब कर ते!"

त्याचा चेहरा असा काही उतरला की तिने त्याचा हात घट्ट धरला. "डब्याला म्हणाले रे. चल, काढ गाडी."

दवाखान्याबाहेर चढ होता. टाकीजवळच्यापेक्षा दुप्पट. वर सिग्नल लाल झाला, गाडी ऐन मध्यावर थांबली. मागे रांग लागली. मास्तरणीचा पाय सवयीने ब्रेक शोधायला लागला, पण या गाडीत तिच्या बाजूला ब्रेक नव्हताच. नुसती सपाट जमीन. ओठांवर आलेलं ओरडणं तिने गिळलं.

हिरवा झाला. त्याने क्लच हळू सोडला. गाडी जराशी थरथरली, ओढ लागली... आणि एक इंचही मागे न जाता वर निघाली!

"थांबव!" वर पोचल्यावर ती ओरडली. "बाजूला घे!"

"काय झालं? दुखतंय?"

"आई, फोन काढ. आमचा फोटो काढ."

"अगं, चेहरा बघ केवढासा झालाय," आई म्हणाली. "केस विस्कटलेत, अंगावर दवाखान्याचा वास. घरी जाऊन, जरा बरी हो, मग नंतर—"

"आत्ता!" दोघं एकदम म्हणाली.

आईने फोटो काढला. फोटोत औषधवाल्याचे डोळे मिटलेत. कोपऱ्यात आईचं बोट आलंय. पोटावरची उशी तिरकी झालीय. आणि मास्तरीण कुणाच्याही मागे नाही, पुढच्या सीटवर खो खो हसत बसलीय. अख्खीच्या अख्खी.