रालित्साने लावलेला टॅग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. बल्गेरियातल्या प्लोवदिवमध्ये, आमच्या ऑफिसात, गेल्या फेब्रुवारीत. तेही भरदुपारी.

आम्ही दवाखान्यातल्या सलाईन पंपांचं सॉफ्टवेअर बनवतो. माझी मैत्रीण रालित्सा ते तपासायची. सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीवर तिने संगणकात टॅग लावला होता, ‘तपासणी बाकी’. आमचा साहेब बोगोमिल याने ती तशीच दवाखान्यांना पाठवली.

त्याच आठवड्यात रालित्सा अपघातात गेली.

पुढे ती आवृत्ती घातलेल्या एका पंपाने एका बाईचा जीव घेतला. चौकशी लागली. अहवाल टॅगांवरूनच निघणार होता.

“टॅग बदल,” बोगोमिल मला म्हणाला. “‘तपासलं’ कर. नाव रालित्साचं टाक.”

“अहो, मेलेल्या माणसावर ढकलताय?”

“मेलेल्याची नोकरी जात नाही, बाई. तुझी जाईल.”

मी हात लावला नाही. त्यानेच बदलला.

आणि मग...

टक.

रालित्साच्या रिकाम्या टेबलावर कुणीतरी कळ दाबली.

तिथला कीबोर्ड तर कधीच काढून नेला होता हो!

पडद्यावर पाहिलं... ‘तपासणी बाकी’.

त्याने पुन्हा बदलला. पुन्हा टक. बोगोमिलच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र, खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं, शाब्बास गं माझी बाई!

ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिची आई, स्तोयांका काकू, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे उकडलेले गोड गहू वाटायला ऑफिसात आल्या. लेकीचा फोटो छापलेला कागद त्यांनी दारावर चिकटवला.

“काकू, वाईट वाटून घेऊ नका,” बोगोमिल म्हणाला. “चूक रालित्साचीच होती.”

“साफ खोटं आहे, काकू!” मी ओरडले.

काकू थकल्या होत्या. “राहू दे गं. भांडून पोर परत येणारे का? असेल तिची चूक.”

मग फोटोवरून हात फिरवत म्हणाल्या, “सोड आता, बाळा. आईचं ऐक.”

आणि मग...

टक.

कुणीच काही केलं नव्हतं. पडद्यावर होतं, ‘तपासलं. रालित्सा.’

अहवाल गेला. ठपका तिच्यावर बसला.

मी अजून रोज तो टॅग खरा करते. आणि रोज त्या टेबलावरून आवाज येतो... टॅग पुन्हा खोटा. बदलणाऱ्याच्या जागी नाव, रालित्सा.

“अगं, चूक तुझी नव्हतीच गं!” मी रडते, हात जोडते.

ती ऐकत नाही. आईचा शब्द तिने जिवंतपणी कधी मोडला नव्हता.