उजवीकडून येणारा ठोसा

सकाळी दवाखाना उघडताना डॉक्टरबाईंना दाराखालून सरकवलेली चिठ्ठी सापडली. टाइप केलेली, बिनसहीची.

"उद्या तो सहाव्या फेरीपर्यंत जगणार नाही. उजवीकडून येणारा ठोसा त्याला दिसत नाही. पापणीसुद्धा लवत नाही. लढत थांबवा."

कोण, ते लिहिलं नव्हतं. गरजही नव्हती. उद्या हेवीवेट विजेतेपदाची फेरलढत होती आणि आव्हानवीर 'डोंगर' तंदुरुस्त असल्याच्या दाखल्यावर मुष्टियुद्ध मंडळाच्या डॉक्टर म्हणून त्यांचीच सही होती.

टेबलावरच्या पेपरात क्रीडासमीक्षकाचं भाकीत होतं: मागच्या वेळी डोंगर दहाव्या फेरीत पडला तो दमल्यामुळे. आता त्याचा दम वाढलाय, विजेता उताराला लागलाय. डोंगरच जिंकणार.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका पोराला असाच दाखला दिला होता. तो पोरगा याच विजेत्याच्या ठोशाने पडला, तो उठलाच नाही. पंचाने मोजलेले आकडे त्यांना अजून ऐकू येत. जिना चढताना, हात धुताना. दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून.

त्या तडक सरावाच्या हॉलवर गेल्या.

रिंगमध्ये वस्ताद, म्हणजे डोंगरचा सख्खा मामा, हातांत पॅड घालून त्याच्यासमोर उभा होता.

"डावा वर! डावा म्हणतोय ना, गाढवा!"

डोंगरने डावी मूठ हनुवटीजवळ नेली.

चिठ्ठी वाचून वस्ताद भडकला. "हे त्या पेपरवाल्याचं काम!"

"त्याने तर डोंगर जिंकणार म्हटलंय. स्वतःचं भाकीत तो स्वतःच कशाला मोडेल?"

"मग कुणीतरी घाबरवतंय आम्हाला."

"सरावाला दुसरं कोण असतं याच्यासमोर?"

"कुणी नाही. याला मी एकटा पुरतो."

बाकावर डोंगरची बायको हाताच्या पट्ट्या गुंडाळत होती. डॉक्टरबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही लिहिलीत?"

"मी असते तर चिठ्ठी नसती लिहिली, तुमचे पाय धरले असते." ती थांबली. "हल्ली दारातून जाताना चौकटीला खांदा आपटतो यांचा. मी चेष्टा करायची, किती सुटलात म्हणून."

डॉक्टरबाईंनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, डोंगरचा डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला. उजव्या डोळ्याने त्याने शेवटची ओळही घडाघडा वाचली.

"झालं समाधान?" वस्ताद हसला. "परवा दोन्ही डोळ्यांनी वाचून दाखवलंय की त्याने."

परवा डोंगरने आधी डाव्या तळहाताने डोळा झाकला होता, मग उजव्या. डॉक्टरबाई तेव्हा तक्त्याकडे बघत होत्या. त्याच्या चेहऱ्याकडे नाही.

त्या पुठ्ठा खाली घेऊन पुढे झाल्या. वस्ताद उभा होता तिथे, डोंगरसमोर, उभ्या राहिल्या आणि आपला उजवा हात त्याच्या डाव्या गालाकडे झपकन नेला. बोटं बुबुळापासून इंचभरावर थांबली.

पापणी लवली नाही. तो उघडा डोळा त्यांच्याकडे रोखून बघत होता आणि त्यात कुणीच नव्हतं.

त्यांनी पुठ्ठा उजव्या डोळ्यावर धरला. "वाचा."

डोंगरने पुठ्ठा हळूच बाजूला सारला.

"कधीपासून?"

"मागच्या लढतीपासून," डोंगर पुटपुटला.

"आणि परवा?"

"दोन्ही वेळा हाच झाकला होता. मामा म्हणाला, हात बदल, डोळा बदलू नकोस."

"बारा वर्षं घातलीत मी याच्यात!" वस्ताद ओरडला. "बोललो असतो तर लढत हातची गेली असती."

"आणि माझं काय गेलं असतं, मामा?" बायकोने विचारलं. वस्तादने हातांतले पॅड काढून ठेवले.

दाखला रद्द झाला. दुपारी डॉक्टरबाई विजेत्याच्या हॉटेलवर पोचल्या.

"चिठ्ठी तुमची."

"कशावरून?"

"अंधार त्याच्या डाव्या डोळ्यात आहे. चिठ्ठीत मात्र ठोसा उजवीकडून येतो. समोर उभं राहूनही वस्ताद त्याच्याच डाव्याला डावा म्हणतो, मीही रुग्णाच्याच बाजूने लिहिते. तुम्ही मात्र स्वतःच्या उजव्या हाताबद्दल लिहिलंत. आणि खुर्चीत बसलेल्या समीक्षकाला पापणी दिसत नाही. ती ठोसा मारणाऱ्यालाच दिसते."

विजेत्याने उजवी मूठ वळली आणि उघडली.

"नवव्या फेरीत दिसलं, पापणी लवत नाही. वाटलं, मेलेल्याला मारतोय. त्या पोराचे डोळे शेवटी असेच होते. आता स्वप्नात दोघं येतात. कधी याचं तोंड त्याला, कधी त्याचं याला."

"उघड का नाही बोललात?"

"पुरावा काय होता? लोक म्हणाले असते, विजेतेपदाचा पट्टा वाचवायला बहाणे करतोय."

"खाली पत्रकार लढत का रद्द झाली ते विचारताहेत. रुग्णाचा आजार मला सांगता येत नाही. आणि डोंगर हात जोडतोय. डोळ्याचं फुटलं तर शिकवायलाही कुणी ठेवणार नाही म्हणतो."

"मीच माघार घेतली असं सांगितलं तर?"

"तर पट्टा जाईल तुमचा."

विजेत्याने शर्टाची बटणं लावली, जिना उतरला आणि कॅमेऱ्यांसमोर जाऊन म्हणाला, "मी लढत नाही. मला भीती वाटते."