हौसाची भरपगारी रजा

"तुमच्या हौसाबाईनं काय करून ठेवलंय ते येऊन बघा!" फोनवर दामोदरशेटचा आवाज चिरकला होता.

पद्मजा कामगार खात्यात निरीक्षक होती. दामोदरशेटच्या पेणच्या गणपती कारखान्यातून हौसाची तक्रार कालच तिच्याकडे आली होती. वर्षानुवर्षं काम करूनही हक्काची भरपगारी रजा मिळत नाही. आता रोह्याला लेकीचं बाळंतपण होतं. पद्मजाने फोनवर विचारलं तरी शेटचं उत्तर तेच : नाही.

ती पोचली तेव्हा कारागीर भिंतीला टेकून उभे होते. सन चौऱ्याण्णवचा आषाढ. त्या दिवसांत पेणच्या आळीआळीतून ओल्या शाडूचा वास यायचा, आणि ब्रश धुतलेलं पाणी गटारातून गुलाबी वाहायचं.

शेटनी दाराजवळच्या फळीकडे बोट दाखवलं : मुंबईच्या ऑर्डरच्या मूर्ती. एकूणएक मूर्तीच्या डोळ्यांवर काळा रंग फासलेला.

"कुलूप तोडलंय?"

"छे! किल्लीनं उघडलंय. किल्ल्या तिघांकडे. मी, हा केरू मुकादम आणि हौसा. मूर्तींचे डोळे तीच रेखते, सकाळी सगळ्यांच्या आधी येते."

"आज?"

"आज पसार!"

पद्मजा केरूकडे वळली. "रजा नाकारल्यावर ती काय म्हणाली?"

केरू चुळबुळला. "म्हनली, मी जानार. मग बघा तुमच्या गणपतीला डोळं कोन काढतो. समद्यांनी ऐकलं."

"ऐकलंत ना?" शेट पुढे झाले. "आजच कामावरून काढतो. आता कसली रजा नि कसली तक्रार!"

पद्मजाला हे खटकलं. ऑर्डर बुडालेला माणूस मुंबईला काय कळवायचं म्हणून कपाळ धरून बसेल. शेटना घाई होती ती हौसाला काढायची.

तिने फळीवरची एक मूर्ती उचलून आडवी केली. आतल्या पोकळीत कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. भोकं पडलेलं, रिकामं.

"ह्या कधी रंगवल्या?"

"गेल्याच आठवड्यात."

कोपऱ्यात माळ्याला शिडी लावलेली होती.

"वर काय आहे?"

"गेल्या सालच्या शिल्लक मूर्ती. खपल्या नाहीत त्या." शेटनी झटकन मान फिरवली. "केरू, ती शिडी काढ आधी. कुणी पडेल."

पद्मजा एसटीने रोह्याला गेली. हौसा लेकीच्या खोलीत बाळाची लंगोटी शेगडीवर धरून बसली होती. पद्मजाला बघून बाजेवरची तिची लेक भाविका उठू लागली.

"पडून ऱ्हा गो," हौसा तिला म्हणाली.

"न सांगता आलीस?" पद्मजाने विचारलं.

"सांगूनच आले, बाई. काल सांजच्या गाडीनं. जावई धाटावच्या कारखान्यात शिफ्टवर, पोर एकटी. मालक नाय म्हनला म्हनून बाळ थांबतंय व्हय?"

"मूर्तींच्या डोळ्यांना काळं फासलंय. नाव तुझं घेतात."

हौसाचा हात थांबला. लंगोटीला करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती मागे घेतली.

"लोकांच्या घरी बसायच्या मूर्तीला? पेनमधला कोन असं करल? आमचा शेट एवढा कजाग, पन मूर्तीसमोरनं पायताण घालून जात नाय." मग हळूच तिने विचारलं, "बाई, माझं काम गेलं का?"

"अजून नाही," पद्मजा म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. "केरू, माळ्याला शिडी लाव."

केरूने शेटकडे पाहिलं. शेटनी जमिनीकडे. पद्मजा स्वतः वर चढली आणि तिने कापड ओढलं. ताज्या रंगाच्या मूर्ती ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे उघडे, स्वच्छ.

"ही मुंबईची ऑर्डर," ती वरून म्हणाली. "खाली काळं फासलेल्या त्या गेल्या सालच्या. साचा एकच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण त्यांतल्या एकीत कुंभारमाशीनं घर बांधलं, पिल्लं मोठी होऊन भोकं पाडून उडूनही गेली. गेल्या आठवड्यात रंगलेल्या मूर्तीत हे कसं होईल?"

"मंग केलं कोनी?" कुणीतरी विचारलं.

"माळ्यावर काय आहे याबद्दल माझ्याशी खोटं कोण बोललं? शिडी कुणी काढायला लावली? हौसाला घालवलं की तिची तक्रार संपते, आणि पुन्हा कुणी रजा मागायला धजत नाही."

"शेट, परवा रात्री शिडी लावलीत तवा मला तर सांगितलंत, माळा झाडतोय म्हनून," केरू पुटपुटला.

शेट खाली बसले. "नव्या मूर्तींना हात लाववेना. लोकं वाट बघतायत त्यांची. ह्या कुणाच्याच नव्हत्या."

"नव्या मूर्तींच्या डोळ्यांना काळं फासायला भ्यालात, शेट. ते रेखणाऱ्या बाईच्या पोटावर पाय द्यायला नाही."

शेटनी तिथेच, सगळ्यांदेखत, हौसाची रजा मंजूर केली. भरपगारी.

आठवड्याने केरू रोह्याला गेला. "हौसाबाय, मालक म्हनतात, खराब झालेल्या मूर्तींचं काळं खरवडलं. येऊन डोळं काढ. घाई हाय."

हौसाने मांडीवरच्या नातवाला थोपटलं.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "मी रजेवर हाय."